कोकणातल्या जमिनीची मोजणी: आधी कुठले जुने कागद काढायचे, ते कसे वाचायचे आणि मग अर्ज कसा टाकायचा

गणपतीला नाहीतर मे महिन्यात गावी गेलं की कुणीतरी हा विषय काढतंच. दगडी कुंपणाचा गडगा सरकला, शेजाऱ्याने काजू आमच्या हद्दीत लावला, सातबाऱ्यावर वीस गुंठे दिसतात पण जागेवर सतराच भरतात, यंदा मोजणी टाकूयाच. मग सगळे मुंबईला परत येतात आणि पुढच्या गणपतीपर्यंत विषय बंद. आमच्याकडे हे अकरा वर्षं चाललं. शेवटी मी टाकली मोजणी, आणि पहिल्यांदा टाकली ती चक्क चुकीच्या हिश्श्यावर टाकली. फी गेली, रजा गेल्या, चार महिने गेले, वर भावकीत हसं झालं ते वेगळंच. दुसऱ्या खेपेला नीट झाली. मधल्या काळात भूमी अभिलेखच्या ऑफिसच्या बाकड्यावर बसून जे शिकलो ते इथे लिहून ठेवतोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात घट्ट बसवा. मोजणीवाला तुमची जमीन शोधायला येत नाही आणि कोण खरं कोण खोटं हे ठरवायलाही येत नाही. जुन्या मोजणीत जी हद्द कागदावर लिहून ठेवलीय ती तो जमिनीवर परत दाखवतो, बाकी काही नाही. म्हणजे उत्तर आधीच सरकारी कपाटात पडलेलं आहे. ते उत्तर काय आहे हे आपण अर्ज करायच्या आधी बघून घ्यायचं, कारण ते आपल्या विरोधातही असू शकतं, आणि तसं असेल तर पैसे भरून आणि सगळ्या शेजाऱ्यांना नोटिसा पाठवून ते ऐकण्यात काय मजा आहे.

१. आधी नंबर पक्का करा

कोकणातल्या बऱ्याच गावांत एकत्रीकरण योजना झालेलीच नाही, त्यामुळे घाटावर जसे गट नंबर असतात तसे आपल्याकडे नसतात, सर्व्हे नंबर आणि त्याखाली हिस्सा नंबर असतो. एका सर्व्हे नंबरचे वीस-पंचवीस हिस्से सहज असतात आणि त्यातला एखादा हिस्सा दीड गुंठ्याचा असतो. घरात मात्र कुणी नंबर बोलत नाही. घरात बोलतात "वरची बाग", "पऱ्याकडची मळी", "कातळावरचं वरकस". माझा घोळ इथेच झाला. आजोबा ज्याला वरची बाग म्हणायचे ती मी हिस्सा ३ समजत होतो कारण त्या सातबाऱ्यावर आमचं नाव होतं, आणि बाग निघाली हिस्सा ५ मध्ये. हिस्सा ३ म्हणजे खालचा उतार, जिथे करवंदं सोडून काही नाही.

म्हणून असं करा. खाते नंबरवरून ८अ काढा, त्यात तुमच्या नावावरचे त्या गावातले सगळे सर्व्हे-हिस्से एका ठिकाणी मिळतात. मग एकेकाचा सातबारा काढा. सरकारच्या महाभूलेख साइटवर नुसता बघायला पैसे पडत नाहीत, डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये. मग महाभूनकाशावर गावाचा नकाशा उघडून आपल्या नंबरच्या चारी बाजूंना कुठले नंबर आहेत ते वहीत लिहा आणि गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला घेऊन जागेवर उभे रहा. "पूर्वेला कोणाची जमीन, पश्चिमेला कोणाची" हे त्यांना विचारा आणि शेजारच्या नंबरांच्या सातबाऱ्यावरची नावं जुळतात का बघा. तीन बाजू जुळल्या तर नंबर बरोबर. हे एका सकाळचं काम आहे आणि मी ते केलं नव्हतं.

इथला सापळा: मोबाईलवर नकाशा उघडून त्यावर आपला निळा ठिपका बघत हद्द ठरवू नका. जुन्या गाव नकाशांचा स्केल बऱ्याच ठिकाणी एका इंचाला २० साखळ्या, म्हणजे ६६० फूट असा होता. त्या स्केलवर अर्धा मिलीमीटर जाडीची रेघ जमिनीवर १३ फूट रुंद होते! गाव नकाशा शेजारी कोण आहे हे सांगायला चांगला, गडगा कुठे असायला हवा हे सांगायला अजिबात नाही. आमच्या वाडीतल्या एका पोराने फोन धरून शेजाऱ्याच्या पोफळीपर्यंत हद्द नेली होती, दोन महिने बोलणं बंद होतं दोघांचं.

२. जुनं रेकॉर्ड काढा

सातबारा तलाठ्याकडचा, म्हणजे महसूल खात्याचा. हद्दीचे कागद असतात भूमी अभिलेख खात्यात, तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख ऑफिसात. जुनी माणसं अजून त्याला टीआयएलआर म्हणतात, रिक्षावाल्यालाही तेच सांगा. तलाठ्याकडे जाऊन "हद्दीचा नकाशा द्या" म्हणणारे रोज चार जण तरी असतील, त्यांच्याकडे तो नसतो, उगाच त्यांच्यावर चिडू नका.

तिथे साध्या कागदावर नकलेचा अर्ज करायचा, गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि कुठले कागद हवेत ते नाव घेऊन लिहायचं. नुसतं "सर्व कागदपत्रे" लिहिलंत तर एक गाव नकाशा हातात पडतो आणि तुम्ही खूश होऊन घरी येता. मागायचे कागद हे:

– टिपण: मूळ मोजणीच्या वेळी त्या सर्व्हे नंबरचं जागेवर काढलेलं माप-चित्र
– गुणाकार: टिपणावरच्या मापांवरून क्षेत्र कसं काढलं त्याचा हिशोब
– हिस्सा फाळणी किंवा फाळणी नकाशा: सर्व्हे नंबरचे हिस्से पडले तेव्हाची मापं
– आकारफोड आणि कजाप, म्हणजे कमी-जास्त पत्रक: नंतर क्षेत्रात किंवा आकारात (म्हणजे साऱ्यात) बदल झाला असेल तर
– आकारबंदाचा उतारा: खात्याच्या हिशोबात त्या नंबरचं क्षेत्र किती ते
– आधी कधी मोजणी झाली असेल तर त्या मोजणी प्रकरणाचा नकाशा

कोकणात आपल्याला सगळ्यात जास्त लागते ती फाळणी, कारण भांडण सर्व्हे नंबरच्या बाहेरच्या हद्दीवरून क्वचितच असतं, असतं ते आपल्या आणि चुलत्याच्या हिश्श्यामधल्या हद्दीवरून.

अर्जाची दुसरी प्रत न्यायची आणि त्यावर आवकचा शिक्का मारून घ्यायचा. मी पहिल्यांदा पोच घेतली नाही आणि तीन आठवड्यांनी गेलो तर अर्जच सापडेना, ज्या बाईंनी घेतला होता त्या रजेवर. दुसऱ्यांदा पोच दाखवली आणि पाऊण तासात पिवळं पडलेलं बाड बाहेर आलं. काही वेळा "रेकॉर्ड जीर्ण झालंय" किंवा "फाळणी उपलब्ध नाही" असं तोंडी सांगतात. ते लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की कधीकधी कागद सापडतो. नाहीच कुणी दाद देत तर माहितीचा अधिकार आहे, १० रुपयांचा अर्ज.

जुन्या कागदांवर जिल्ह्याची नावं बघून गोंधळू नका. कुडाळ-मालवणकडचे असाल तर जुने कागद रत्नागिरी जिल्ह्याच्या नावाने असतात कारण सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये, आणि त्याच वर्षी कुलाब्याचा रायगड झाला, त्यामुळे अलिबाग-रोह्याकडच्यांना "जिल्हा कुलाबा" दिसेल. आणखी मागे गेलात तर मालकाच्या जागी खोताचं, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्याचं, नाव दिसेल, घाबरू नका, खोती १९४९ च्या कायद्याने गेली.

३. टिपण वाचायचं कसं

हा भाग मला सगळ्यात आवडतो म्हणून जरा जास्त लिहितोय, कंटाळा आला तर पुढच्या पायरीवर जा.

टिपण पहिल्यांदा बघितलं की वाटतं कुणीतरी हाताने वेडंवाकडं चित्र काढलंय. तसंच आहे ते. टिपण स्केलवर नसतं, त्याचा आकार बघायचाच नाही, त्यावरचे आकडे बघायचे. मधून एक लांब रेघ जाते आणि तिच्यापासून काटकोनात डावी-उजवीकडे छोट्या रेघा हद्दीच्या कोपऱ्यांपर्यंत जातात. लांब रेघेवर किती अंतर चालल्यावर बाजूला वळले आणि बाजूला किती गेले, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. ही मापं साखळी आणि आण्यांत असतात. एक साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून थोडा जास्त.

आता गंमत बघा. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे बरोबर एक गुंठा. साखळी गुणिले साखळी केलं की उत्तर थेट गुंठ्यात! समजा टिपणात एक त्रिकोण आहे, लांबी ६ साखळी ८ आणे आणि लंब ४ साखळी. साडेसहा चोक सव्वीस, त्याचं अर्धं तेरा, झाले तेरा गुंठे. गुणाकार बुकात असेच त्रिकोण आणि चौकटी एकेक करून मांडलेल्या असतात आणि खाली बेरीज. ब्रिटिशांच्या काळातल्या कारकुनाचं ते मोडीसारखं वळणदार अक्षर एकदा लागलं की शाळेतलं गणित आहे.

मग ते सातबाऱ्याशी जुळवा. सातबारा हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतो. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, म्हणजे तेरा गुंठे आले साधारण १३.१५ आर. आर आणि गुंठा एकच समजून चालणारे खूप जण आहेत, छोट्या तुकड्यात फरक पडत नाही पण एकरभर जागेत अर्ध्या आरचा फरक येतो आणि मग "आमची जागा खाल्ली" सुरू होतं. गुंठ्यांचे आर करताना आकडे थोडे पुढे-मागे झालेले असतात तेही सोडून द्या. पण गुणाकारात १३ गुंठे आणि सातबाऱ्यावर २० असेल तर तो गडग्याचा प्रश्नच नाही, कागदातला प्रश्न आहे, आणि तो मोजणीने सुटत नाही. आधी आकारबंद, फाळणी आणि सातबारा यातलं कुठलं चुकलंय ते बघून दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो, आणि तोपर्यंत मोजणी टाकून फी घालवू नका. आमच्याकडे १७ की २० हा जो अकरा वर्षांचा वाद होता तो इथेच संपला: फाळणीत १७ गुंठे २ आणे होते. शेजारच्या काकांनी एक वीतही खाल्लेली नव्हती. आजोबा कधीतरी "वीसेक गुंठे" म्हणाले असतील आणि त्यातला "एक" आम्ही पुसून टाकला. सातबाऱ्यावरही वीस आहे हे सगळे छातीठोक सांगायचे, प्रत्यक्षात कुणी सातबारा काढून नीट बघितलाच नव्हता.

तुम्ही विचाराल मग मोजणी टाकली कशाला. कारण क्षेत्र जुळलं तरी एका बाजूचा गडगा वाकडा होता, तो सरळ करायचा होता, आणि काकांनाही ते हवं होतं.

४. कुठली मोजणी हवी ते ठरवा

अर्जात मोजणीचा प्रकार निवडावा लागतो आणि चुकीचा निवडला तर परत पहिल्यापासून.

हद्द कायम मोजणी म्हणजे आहे त्या हिश्श्याच्या हद्दी जागेवर दाखवणं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १३६ मध्ये हद्दी आखून देण्याची तरतूद आहे. बहुतेकांना हीच हवी असते.

पोटहिस्सा मोजणी म्हणजे एका हिश्श्याचे भावाभावांत तुकडे करून ते कागदावर आणणं. याला सगळ्या सहधारकांची संमती लागते, आणि कोकणात हे वाक्य जितकं सोपं दिसतं तितकं नाही. सातबाऱ्यावर सत्तावीस नावं, त्यातली नऊ वारलेली, चार मुंबईत, एक आत्या बडोद्याला आणि एकाचा कुणालाच पत्ता नाही. आधी वारस नोंदी करून घ्या, मग पोटहिश्श्याचं नाव काढा. काहीजण हद्द कायमचा अर्ज करतात आणि सर्व्हेअर आला की म्हणतात "जरा आमच्या दोघांतला भाग पण दाखवा". तो दाखवणार नाही, दाखवायला त्याच्याकडे कागदच नाही.

बिनशेतीची, भूसंपादनाची, कोर्टवाटपाची मोजणी वेगळी, त्यात मी पडलेलो नाही. आणि गावठाणात घर असेल तर २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते, पण आपल्याकडे घरं वाड्यांत, गावठाणाबाहेर, आपापल्या बागेत असतात. तुमचं घर तसं असेल तर तो ड्रोन तुमच्या कामाचा नाही.

५. अर्ज आणि फी

अर्ज आता ई-मोजणीवर ऑनलाइन होतो. नेट नीट चालत नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी सेतूवाले किंवा झेरॉक्सवाले भरून देतात, पण नंबर स्वतः तपासा, माझा चुकीचा नंबर मीच सांगितला होता. हाताशी ठेवायचे कागद:

– ताजा सातबारा आणि ८अ
– आधार किंवा दुसरं ओळखपत्र
– जागेचा हाताने काढलेला कच्चा नकाशा, चारी दिशा आणि लगतचे नंबर लिहून
– लगतच्या सगळ्या धारकांची नावं आणि चालू पत्ते
– तुमच्या वतीने दुसरं कुणी हजर राहणार असेल तर अधिकारपत्र
– पोटहिस्सा असेल तर सगळ्यांची संमती

१ डिसेंबर २०२४ पासून मोजणीचे दोनच प्रकार ठेवलेत, नियमित आणि द्रुतगती. आधी साधी, तातडी, अतितातडी, अतिअतितातडी अशी जी चढती भाजणी होती ती गेली. तेव्हा ठरलेला दर ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमितला २००० रुपये आणि द्रुतगतीला ८००० असा होता, मुदत ९० दिवस आणि ३० दिवस. माझं मत विचाराल तर जुन्या भांडणाला द्रुतगती लावू नका. अकरा वर्षं थांबलात तर तीन महिने थांबा, त्या वेळात जागा साफ करता येते आणि मुंबईच्या माणसांना तिकीट काढता येतं.

यादीतला चौथा कागद, लगतवाल्यांचे पत्ते, तोच सगळ्यात जास्त नडतो. सातबाऱ्यावरचा माणूस वीस वर्षांपूर्वी वारला, नोटीस त्याच्या नावाने गावच्या पत्त्यावर गेली आणि परत आली, की त्याचा मुलगा मोजणीच्या दिवशी येऊन म्हणतो मला कळवलंच नाही. खुद्द वारसांची नावं आणि त्यांचे मुंबईचे पत्ते लिहा. शिवाय नोटीस जायच्या आधी स्वतः जाऊन सांगा. मी पहिल्या वेळी सांगितलं नव्हतं. काका अंगणात सुपारी सोलत बसले होते, हातातलं काम न थांबवता म्हणाले, "मोजणी टाकलीस म्हणं. बरं केलंस. आम्हाला पोस्टमन सांगतो आता." त्यानंतर सहा महिने त्यांच्या घरचा चहा नाही मिळाला.

६. तारीख पडली की जागा तयार करा

हे घाटावरच्या लेखांत कुणी लिहित नाही कारण तिकडे शेत म्हणजे उघडं शेत. आपल्याकडे ऑक्टोबरात गवत छातीएवढं असतं आणि हद्दीवर नेमकी काटेरी झाळ. पावसाळ्यात मोजणीचं नावच नको. भातशेतीचा तुकडा असेल तर कापणी झाल्यावर, बाग असेल तर मोहोर येण्याआधी नाहीतर आंबा उतरल्यावर पाऊस लागेपर्यंतच्या दिवसांत तारीख मिळेल असं बघा. कलमांना मोहोर आलेला असताना फांद्या छाटायला सांगितल्या तर बागवाला तुम्हालाच छाटेल.

फांद्या का छाटायच्या? आता मोजणी बरीचशी रोव्हरने होते, तो काठीवर लावलेला उपग्रहाचा यंत्रडबा असतो आणि त्याला डोक्यावर मोकळं आभाळ लागतं. दाट कलमाखाली किंवा बांबूच्या बेटाशेजारी तो नीट रीडिंग देत नाही, मग सर्व्हेअर टोटल स्टेशन, म्हणजे तिपाईवरची मोजणीची दुर्बीण, लावतो, आणि त्याला समोरचा बिंदू दिसावा लागतो. दोन्ही वेळा झाडीच आडवी येते. हद्दीच्या दोन्ही बाजूंना निदान चार-पाच फुटांची पट्टी बेणून घ्या, कोपरे पूर्ण मोकळे करा.

त्या दिवशी जवळ ठेवा: दोन गडी कोयती-कुदळीसह, चुन्याची पिशवी, लाकडी खुंट्या, लाल कापड किंवा रंगाचा डबा, आणि कायम खुणांसाठी आठ-दहा जांभे चिरे जे आदल्या दिवशीच कोपऱ्यांजवळ टाकून ठेवलेले असतील. पाणी भरपूर. लांब पँट आणि बूट, कारण कलमावरचे ओंबील, म्हणजे लाल चावरे मुंगळे, वरून पडतात आणि ते सरकारी-खाजगी बघत नाहीत.

आणि जुन्या खुणा शोधून ठेवा. हे सगळ्यात मोलाचं. मोजणीला कुठूनतरी सुरुवात करावी लागते, आणि शिवेचा दगड, जुनं दगडी वरूळ, तीन नंबर मिळतात तिथला रोवलेला धोंडा, असं काही जागेवर शाबूत असेल तर सर्व्हेअरचं काम सोपं होतं आणि तुमचंही. आमच्याकडे असा एक धोंडा शेजारच्या म्हाताऱ्या आजींनी दाखवला, त्यावर लोक कपडे धूत होते.

इथला सापळा: गडगा म्हणजे हद्द नव्हे. गडगा गुरं आत येऊ नयेत म्हणून घालतात, तो जिथे चिरे टाकायला सोयीचं होतं तिथे, झाडाला वळसा घालून, उतार टाळून घातलेला असतो. फाळणीतली रेघ झाडाला वळसा घालत नाही.

७. मोजणीचा दिवस

नोटिशीवर वेळ सकाळची असते, सर्व्हेअर दोन गावं करून येतो, बारा वाजतात. त्याच्याकडे तुमच्या नंबरचं मूळ रेकॉर्ड आहे का ते आधी विचारा, आणि तुमच्याकडच्या टिपण-फाळणीच्या नकला हातात ठेवा. हुशारी दाखवायची नाही, फक्त "साहेब, हीच फाळणी ना?" एवढं विचारायचं. आमच्या वेळी त्याच्याकडच्या प्रतीत एक आकडा पुसट होता, ३ की ८ कळेना, माझ्या नकलेत स्पष्ट होता. तिथेच काम झालं.

तो आधी वहिवाट मोजतो, म्हणजे प्रत्यक्ष गडगा, बांध, कुंपण कुठे आहे ते. त्याच्या मागे फिरा पण मध्ये बोलू नका. वहिवाट दाखवताना प्रामाणिक रहा, आपला गडगा जिथे आहे तिथेच दाखवा, चार फूट पुढचं झाड दाखवून काही मिळत नाही, शेजारी उभाच असतो.

मग रेकॉर्डची हद्द दाखवतो. खुंट्या मारल्या की त्याच जागी लगेच चिरे पुरून घ्या, अर्धा चिरा जमिनीत, आणि प्रत्येक चिऱ्याचा मागच्या ओळखीच्या वस्तूसकट फोटो काढा. चुन्यावर विसंबू नका, पहिल्या पावसात जातो. नंतर त्या खुणा कुणी उपटल्या तर तो संहितेच्या कलम १४५ खाली दंडाचा विषय आहे, हे गोड शब्दांत सगळ्यांसमोर सांगून ठेवलेलं बरं.

शेवटी जबाब आणि पंचनामा. हा वाचून सही करा. उन्हात चार तास उभं राहिल्यावर कुणालाही वाचायचं नसतं, मलाही नव्हतं. हद्दी दाखवल्या आणि मान्य आहेत असं लिहिलेलं असतं. मान्य नसेल तर भांडू नका, सहीच्या वर "हद्द दाखवली, मान्य नाही, हरकत लेखी देत आहे" असं स्वतःच्या हाताने लिहा. लगतवाला आला नाही किंवा सही करत नाही म्हणून मोजणी थांबत नाही, नोटीस पोचल्याचा पुरावा असला की त्याचा गैरहजेरीचा शेरा लिहून पुढे जातात. पण कुणी आडवा पडला, शिवीगाळ केली, तर सर्व्हेअर काम थांबवून परत जातो आणि मग पोलीस बंदोबस्त मागून नवीन तारीख घ्यावी लागते, बंदोबस्ताचा खर्च अर्जदारावर.

८. क प्रत हातात आली की

मोजणीनंतर ऑफिसात नकाशा तयार होतो आणि अर्जदाराला मिळतो त्याला क प्रत म्हणतात. त्यावर दोन हद्दी दिसतात, रेकॉर्डची आणि वहिवाटीची. कुठली रेघ कशाची ते नकाशावरच्या टीपेत लिहिलेलं असतं, ती टीप आधी वाचा. अनेकजण वहिवाटीची रेघ आपली हद्द समजून नाचतात. दोन रेघांच्या मधला जो पट्टा तोच सगळा वाद, कुणाचं किती क्षेत्र कुणाकडे आहे ते तिथे लिहिलेलं असतं.

तपासायचं काय: गाव, सर्व्हे, हिस्सा नंबर, लगतचे नंबर, मोजणी रजिस्टर नंबर, तारीख, उत्तर दिशा. माझ्या पहिल्या, चुकीच्या मोजणीची क प्रत सुद्धा अगदी अचूक होती, फक्त जमीन करवंदाची होती.

आणि शेजाऱ्याच्या ताब्यात तुमचे दोन गुंठे निघाले म्हणून दुसऱ्या दिवशी जेसीबी आणून गडगा पाडू नका. क प्रत हद्द दाखवते, ताबा काढून देत नाही. शेजारी तयार असेल तर दोघांनी बसून, लिहून, गडगा सरकवा. नसेल तर वकील, आणि मग क प्रत हा तुमचा पहिला कागद.

९. मोजणीच पटली नाही तर

निमताना मोजणीचा अर्ज करता येतो, म्हणजे झालेली मोजणी उपअधीक्षकांच्या पातळीवर तपासून परत मोजतात. तीही पटली नाही तर सुपर निमताना, जिल्हा अधीक्षक भूमी अभिलेखकडे. अर्जात "मोजणी चुकीची आहे" एवढंच लिहून उपयोग नाही, कुठला बिंदू, फाळणीत तिथे माप किती, क प्रतीत किती, असं लिहा. पायरी तीन केली असेल तर हे तुम्हाला अर्ध्या तासात लिहिता येतं. नसेल तर बहुतेक वेळा निमतान्यातही तेच निघतं, आणि फी आधीपेक्षा जास्त.

क प्रतीच्या तीन कलर झेरॉक्स काढा, एक गावच्या घरी आणि एक मुंबईत ठेवा, पण लॅमिनेट करू नका कारण शिक्का पुढे नीट दिसत नाही. तिसरी मी काकांना नेऊन दिली. त्यांनी ती चष्मा लावून उलटी-सुलटी बघितली, मग आत हाक मारून चहा ठेवायला सांगितला आणि म्हणाले, पुढच्या वर्षी खालच्या मळीची मी टाकतो, तेवढा तो टिपणाचा अर्ज कसा लिहायचा ते लिहून दे.